लेकराचा सातबारा कुठे असतो?

गेल्या जुम्याला नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या कमिटीची बैठक झाली. विषय एकच होता, रमजानचे किट. रमजान पंधरवड्यावर आलाय, त्यामुळे तेल किती, साखर किती, खजुराचं पाकीट पाव किलोचं की अर्ध्या किलोचं, यावर पाऊण तास गेला. शेवटी खजिनदारांनी हिशेब वाचला. त्यात एक ओळ होती : पूरग्रस्तांसाठी जमवलेल्या रकमेतले काही पैसे शिल्लक आहेत, ते रमजान किटकडे वळवावेत. सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हणालो, "वळवू नका. ज्यांच्या नावानं मागितले त्यांनाच द्या. त्यांच्या लेकरांच्या शाळेवर खर्च करा."

कोपऱ्यात बसलेले एक बुजुर्ग शांतपणे म्हणाले, "मास्टर, सैलाब तो कब का गया. अब काहे का?"

ते वाईट माणूस नाहीत. पुराच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या दुकानातून तांदळाचे कट्टे काढून दिले होते, पावतीसुद्धा मागितली नव्हती. पण त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. पूर गेला, हे ठरवलं कुणी? ज्याच्या घरात पाणी शिरलं त्यानं, की ज्यानं व्हॉट्सअॅपवर त्याचे व्हिडिओ पाहिले त्यानं?

थोडी आठवण करून देतो. बीड म्हटलं की बाहेरच्या माणसाला टँकर आठवतो, चारा छावणी आठवते. त्या बीडवर २०२५च्या सप्टेंबरात आभाळ फाटलं. महिन्याच्या मध्यावर आष्टी तालुक्यातल्या कड्याला माणसं पुरात अडकली, त्यांना काढायला लष्कराचं हेलिकॉप्टर आणावं लागलं. पुढच्या आठवड्यात सिंदफणा शिरूर कासारात शिरली. महिना संपता संपता जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडलं गेलं आणि गेवराई-माजलगावकडच्या गोदाकाठच्या गावांची रानं दिसेनाशी झाली. सोयाबीन काढणीला आलेलं, कापूस वेचणीला आलेला. पीक तर गेलंच, पण कित्येक ठिकाणी खालची मातीच खरडून गेली. खडक उघडा पडला. ज्या शेतात आजोबांनी नांगर धरला त्या शेतात आता पाय ठेवला तर गोटे लागतात.

बीड शहरात राहणाऱ्यांना पूर नवा नाही. १९८९च्या जुलैमधला बिंदुसरेचा पूर ज्यांनी पाहिला ती माणसं अजूनही रात्री पावसाचा जोर वाढला की उठून नदीच्या बाजूच्या खिडकीपाशी जातात. माझी अम्मी त्यातलीच. छत्तीस वर्षं झाली, तिचा सैलाब अजून गेलेला नाही. घरातली महत्त्वाची कागदं ती आजही माळ्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवते.

आता सरकारकडे वळू, कारण पहिला जाब त्यांनाच विचारला पाहिजे. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. आकडा मोठा आहे. त्याच्या खालची यादी वाचा. कोरडवाहू जमिनीला हेक्टरी १८,५०० रुपये, हंगामी बागायतीला २७,०००, बारमाही बागायतीला ३२,५००, मर्यादा ३ हेक्टरांची. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि ३ लाखांपर्यंतचं काम रोजगार हमीतून. गाळानं भरलेल्या विहिरीला ३०,०००. दुधाचं जनावर गेलं तर ३७,५००, ओढकामाचं गेलं तर ३२,०००. कोंबडीला १००.

कोंबडीचा दर ठरलेला आहे, हे चांगलंच आहे. एखाद्या विधवेच्या घरात दहा कोंबड्या हीच बँक असते. पण ही यादी पुन्हा वरून खाली वाचा आणि त्यात लेकरू शोधा. हेक्टर आहे, विहीर आहे, बैल आहे, कोंबडी आहे. सहावीतल्या पोरीचं बुडालेलं वर्ष त्यात कुठं बसतं? परीक्षा शुल्क माफ केलं, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण शुल्क माफ व्हायला पोर परीक्षेपर्यंत वर्गात तर उरलं पाहिजे.

पंचनाम्याला तीन माणसं येतात : तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. तलाठी जमीन बघतो, कृषी सहायक पीक बघतो, ग्रामसेवक घर बघतो. मुख्याध्यापक त्यात नाही, अंगणवाडी सेविका नाही. गावातली किती लेकरं उद्या शाळेत येणार नाहीत हे ज्या दोन माणसांना नेमकं माहीत असतं, त्यांना पंचनाम्याला कुणी बोलावतच नाही.

आणि हेक्टरचा हिशेब तरी कुणाच्या कामाचा? कोरडवाहू एक एकर असलेल्या घराला त्या दरानं साडेसात हजारांच्या आतच रक्कम येते. ज्यांच्या नावावर एकरही नाही त्यांना तेवढीही नाही. दुसऱ्याचं रान बटाईनं कसणारा, ज्याचा करार तोंडी असतो, तो कुठल्याच कागदावर नाही. बियाणं त्याचं, खत त्याचं, घाम त्याचा. भरपाई मालकाच्या खात्यावर. मालक भला असला तर वाटून देतो.

आपल्या समाजातलं उदाहरण घ्या, कारण त्याबद्दल आपणही बोलत नाही. बागवान मंडळी झाडावरचं फळ आगाऊ पैसे मोजून घेतात. सीताफळ असो, मोसंबी असो, शेतकऱ्याला आधी पैसे द्यायचे आणि फळ तयार झालं की उतरवून बाजारात न्यायचं. सप्टेंबरच्या पावसात फळ गळलं, कुजलं. जमीन शेतकऱ्याच्या नावावर, भरपाईचा अर्ज शेतकऱ्याचा. बागवानानं दिलेला आगाऊ पैसा चिखलात गेला, तोही बहुतेक वेळा व्याजानं उचललेला. पॅकेजमध्ये दुकानदारासाठी तरतूद होती. पण हातगाडी म्हणजे दुकान हे सिद्ध करायला कुठला कागद दाखवायचा? तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी ही सगळी मंडळी आठवडी बाजारावर जगतात. बाजार भरले नाहीत त्या आठवड्यांचा पंचनामा कुणी केला? त्यांच्या घरात पाणी शिरलं नसेल, पण चूल मात्र विझली. आणि या घरांतलं थोरलं पोर ऑक्टोबरमध्ये कुठल्या तरी गॅरेजवर, कुठल्या तरी हॉटेलात टेबल पुसायला लागलं. माझ्या वर्गातून असे दोघे गेले. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे मी अजून 'गै' लिहितो, कारण नाव कमी केलं की ते कायमचं कमी होतं.

आता मुकादमाची गोष्ट. बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. इथली लाखो माणसं दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवराबायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. साखर कारखान्याच्या वतीनं मुकादम आधी उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि पुढचे पाच-सहा महिने ती फेडत कोयता चालवायचा. जोडप्याची उचल आजकाल लाखाच्या आसपास जाते. आता ही दोन माणसं एकाच दारात उभी करा. एका हातात साडेसात हजारांचा सरकारी आदेश, तोही खात्यावर कधी पडेल ते माहीत नाही. दुसऱ्या हातात रोख लाख रुपये, आत्ता, या क्षणी. घराची भिंत पडलेली, किराणावाला उधारी मागतोय. त्या घरानं कुणाचा हात धरावा? यंदाचा गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. सरकारची मदत आणि मुकादमाची उचल यांच्यात शर्यत लागली होती, आणि ती कोण जिंकलं हे पाहायला गावात जायची गरज नाही. दिवाळीनंतरचे हजेरीपट पाहा.

मी गेलो होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कमिटीचा टेम्पो घेऊन आम्ही सिंदफणेकाठच्या एका गावात गेलो. तांदूळ, डाळ, तेल, चटई, ब्लँकेट. तिथं एका घराच्या पत्र्यावर एका मुलीनं तिची पुस्तकं वाळत घातली होती. प्रत्येक पुस्तकावर एक दगड. पानं फुगून एकमेकांना चिकटलेली. मी विचारलं, "कितवीत आहेस?" "सहावीत, सर." "पुस्तकं वाळली का?" ती म्हणाली, "गणिताचं वाळलंय. इंग्रजीचं उघडंना." मी तिचा फोटो काढला. पत्रा, दगड, पुस्तकं आणि ती. चांगला आला फोटो. आमच्या कमिटीच्या फ्लेक्सवर तोच आहे, आणि रमजानच्या आवाहनाच्या पत्रकावरही तोच छापायला दिलाय.

जानेवारीत मी एकटा पुन्हा गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर तिची आजी बसलेली. सगळे फडावर गेले म्हणाली. पोरीलाही नेलं. मी म्हणालो, "मावशी, तिला तरी ठेवून घ्यायचं. शाळा होती ना." आजी म्हणाली, "कामून ठिवायची सर? म्या एकली, मला दिसंना. रात्री-अपरात्री पोरीच्या जातीला जपायचं कुनी? आन् तिकडं धाकट्याला कोन धरील, दोघं फडात असल्यावर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या टेम्पोत चटई होती, तांदूळ होते. त्या आजीच्या प्रश्नाचं उत्तर टेम्पोत नव्हतं.

त्या मुलीचं नाव मी इथं देणार नाही. ती आपली की त्यांची, हेही सांगणार नाही. बैठकीत मला तो प्रश्न दोनदा विचारला गेला, म्हणून मुद्दाम.

सहावीतली मुलगी शाळेतून निघाली की ती पुन्हा परतेल याची खात्री बीडमध्ये कुणी देऊ शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कोयत्याला जोडपं लागतं, त्यामुळे कारखान्याच्या दारातच लग्न लावून टाकायचं, याला इकडे 'गेटकेन' लग्न असा शब्दसुद्धा आहे. शब्द रुळला की त्यातलं भयानक कुणाला जाणवत नाही. पूर हे सगळं निर्माण करत नाही, मान्य. तो फक्त जे घर उंबऱ्यावर उभं होतं त्याला बाहेर ढकलतो.

हंगामी वसतिगृह आहे, शिक्षण हमी कार्ड आहे, ऊसतोड कामगारांच्या नावानं महामंडळ आहे, हे सगळं मला माहीत आहे. मी शिक्षक आहे, यातले फॉर्म मीही भरलेत. हंगामी वसतिगृहाची कल्पना उत्तम आहे. आईबाप गेले तरी मूल गावात राहतं, दोन वेळचं जेवण मिळतं. पण ज्या वर्षी दहा दिवसांत गावच्या गाव उठून जातं, त्या वर्षी ते दिवाळीआधी उघडायला हवं. मंजुरीचा कागद येईपर्यंत मुलं ट्रॅक्टरवर बसलेली असतात. पूर आलाय, यंदा जास्त माणसं जाणार, हे सांगायला तज्ज्ञ समिती लागत नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघू. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा. मदतीचे किमान निकष कोणते असावेत ते त्याच्या कलम १२ मध्ये आहे. त्यात निवारा, अन्न, पाणी, औषधपाणी आहे आणि विधवा व अनाथांसाठी खास तरतूद करावी असं लिहिलंय. चांगलंच आहे. पण बीडच्या पुरात लेकरू अनाथ होत नाही. त्याचे आईबाप जिवंत असतात. ते फक्त तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत राहतात. कायद्याच्या नजरेत त्या लेकराचं काहीच गेलेलं नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या आपत्तीत मुलांचं वेगळं बघणं शक्यच नसतं. खोटं आहे. आपल्याच मराठवाड्यात ते झालंय. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, किल्लारीचा भूकंप. लातूर-उस्मानाबादमध्ये आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. धान्य, कपडे, तंबू घेऊन सगळा देश धावला. त्या गर्दीत भारतीय जैन संघटनेचे शांतीलाल मुथ्था यांनी वेगळी गोष्ट केली. त्यांनी भूकंपग्रस्त गावांतली १,२०० मुलं शिकायला पुणे जिल्ह्यात नेली. आठवड्यासाठी नाही, शिक्षण होईपर्यंत. वाघोलीचं त्यांचं संकुल त्यातून उभं राहिलं, आणि पुढे आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची मुलंही तिथं शिकली. हे मुथ्था कुठले? आपल्या बीड जिल्ह्यातले. आष्टी तालुक्यातल्या कड्याच्या वसतिगृहात राहून शिकलेले. तेच कडे, जिथं परवा हेलिकॉप्टर आलं.

जैन समाजाची लोकसंख्या किती आणि आपली किती, हा हिशेब मी मांडत नाही. पैशाचाही मांडत नाही. त्यांच्याकडे पैसा होता म्हणून जमलं, असं कुणी म्हणालं तर मी विचारेन की आपल्याकडे रमजानच्या एका महिन्यात जकात किती निघते. पैसा आहे. आपण तो तेलाच्या पुड्यांत वाटून टाकतो.

शिरूर कासार तालुक्यातच आर्वीला दीपक नागरगोजे यांचं 'शांतिवन' आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी पंचवीस वर्षं ते काम चाललंय. गेवराईला संतोष गर्जे यांचं बालगृह आहे. म्हणजे रस्ता शोधायचा नाही, तो याच जिल्ह्यात कुणीतरी चालून दाखवलाय. आपल्या किती कमिट्या तिथं एकदा तरी जाऊन आल्या? मीही परवा जानेवारीतच पहिल्यांदा गेलो. वीस वर्षं याच जिल्ह्यात शिकवतोय.

लांबचंही एक सांगतो. अमेरिकेत २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ आलं, न्यू ऑर्लिन्स बुडालं. अॅलिस फॉदरगिल आणि लोरी पीक या दोन अभ्यासक बाया तिथल्या मुलांच्या मागे सात वर्षं फिरल्या. सात वर्षं! काही मुलं सावरली, काही खालीखाली घसरत गेली, काही कधी वर कधी खाली अशी हेलकावत राहिली. सावरलेल्यांच्या बाबतीत असं दिसलं की त्यांच्या आयुष्यात कुणी मोठं माणूस टिकून राहिलं होतं, शाळा टिकून राहिली होती, घराला कुठला तरी टेकू मिळाला होता. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात वादळानंतर लेकरू सावरायला वर्षं लागली, आणि आमच्या बैठकीत चार महिन्यांत फाइल बंद.

आता आपल्याबद्दल. मला माहीत आहे, पुढचं लिहिल्यावर काही फोन येतील.

आपण मदत करतो, आणि मनापासून करतो. त्यात शंका नाही. पण गेल्या काही वर्षांत आपल्या मदतीला एक वेगळाच आजार जडलाय. आपण मदत करतो आणि लगेच जगाला दाखवतो की बघा, मुसलमानांनी मदत केली. टोपी दिसली पाहिजे, दाढी दिसली पाहिजे, मागे टेम्पोवर कमिटीचं नाव दिसलं पाहिजे. धाराशिवला मदतीच्या किटवर नेत्यांचे फोटो छापले तेव्हा आपणच सगळ्यात जास्त हसलो, खरमरीत पोस्टी लिहिल्या. मग त्या सहावीतल्या मुलीचा फोटो फ्लेक्सवर लावणारे आपण कोण? नेत्याला मत हवं असतं. आपल्याला चारित्र्याचा दाखला हवा असतो. मागच्या मार्चमध्ये ईदच्या तोंडावर गेवराई तालुक्यात अर्धमसल्याच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला, तेव्हापासून तर ही गरज आणखी वाढली. ती मी समजू शकतो. सतत संशयाच्या नजरा झेलणारा माणूस आपला चांगुलपणा खिशात घेऊन फिरतो, कधीही काढून दाखवता यावा म्हणून. पण दाखल्यासाठी केलेल्या मदतीची मुदत दाखला मिळेपर्यंतच असते. फोटो झाला, बातमी छापून आली, पूर गेला.

दुसरी गोष्ट जकातीची. बैठकीत एकानं विचारलं, हे पैसे जकातीचे असतील तर शाळेवर कसे खर्च करणार, आणि ते घर आपलं नसेल तर? प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितलेत. फकीर आणि मिस्कीन आपण पाठ केलेत. पुढचे बघा. कर्जात बुडालेला. ज्याची मान गुलामीत अडकलीय तो. घरापासून दूर प्रवासात अडकलेला. आता उचल घेतलेलं, मुकादमाला बांधलेलं, तीनशे किलोमीटरवर कोपीत राहणारं ऊसतोड कुटुंब डोळ्यांसमोर आणा. आठातले किती हक्क त्या एका कोपीत राहतात? गुलामीच्या मानेचा अर्थ मी ताणतोय असं काही मौलाना म्हणतील. म्हणू द्या. त्यांनी एकदा फडावर येऊन उचलीचा हिशेब ऐकावा, आणि मग सांगावं. जकातीत रक्कम हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते, हेही मला माहीत आहे. मग द्या ना आईच्या हातात, महिन्याच्या महिन्याला, मूल शाळेत आहे तोवर. कुठला मसला आडवा येतो?

राहिला आपलं-परक्याचा प्रश्न. जकात मुस्लिमांनाच, असं बहुसंख्य हनफी उलेमा सांगतात. मी फिकहमध्ये त्यांच्याशी वाद घालणारा कोण? पण सदका आहे, इमदाद आहे, त्यावर ही अट नाही. आणि काझी अबू यूसुफ यांच्या 'किताबुल खराज'मध्ये हजरत उमर यांची ती रिवायत आहेच : दारोदार भीक मागणारा एक म्हातारा यहुदी त्यांना दिसला आणि त्यांनी बैतुलमालमधून त्याची सोय लावून दिली. आपल्या जुम्याच्या बयानात हजरत उमर यांचा इन्साफ दर महिन्याला येतो. हा म्हातारा मात्र क्वचितच येतो.

पण खरं सांगू का, आमच्या खात्यातले ते पैसे जकातीचे नाहीतच. पुराच्या नावानं मशिदीच्या दारात चादर धरून जमवलेले आहेत. देणाऱ्यानं ज्यासाठी दिले त्यासाठीच ते लागले पाहिजेत. ती अमानत आहे. ते रमजान किटकडे वळवायचा अधिकार कमिटीला नाही, मला नाही, त्या बुजुर्गांनाही नाही. हे मी बैठकीत बोललो तेव्हा सगळे गप्प झाले. त्यांना पटलं म्हणून गप्प झाले की माझा आवाज चढला म्हणून, ते सांगता येत नाही.

"हे सरकारचं काम आहे, आपण किती करणार?" हाही एक आवाज होता. बरोबर आहे, सरकारचंच काम आहे. मग सरकारकडे मागा तरी! गेल्या चार महिन्यांत आपल्या किती संघटनांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर एक निवेदन दिलं, की पंचनाम्यात मुख्याध्यापकाला घ्या, गावनिहाय शाळकरी मुलांची यादी करा, ती जानेवारीत पुन्हा तपासा, पूरग्रस्त गावांतली हंगामी वसतिगृहं गाळपाआधी उघडा, मुलींसाठी रात्री थांबणारी बाई नेमा? निवेदनं आपण खूप देतो. कब्रस्तानच्या भिंतीसाठी देतो, शादीखान्यासाठी देतो, तीही द्यायलाच हवीत. पण या पुरावर आपल्या एकाही निवेदनात लेकरांचा शब्द मी वाचला नाही. माझ्या नजरेतून सुटलं असेल तर कळवा, मी माफी मागून इथं छापेन.

मी बैठकीत काय मागितलं तेही लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की नुसती टीका केली. गावात मागे राहिलेल्या आजीला घर चालवायला महिन्याला काही रक्कम द्यायची, अट एकच, नातवंडं शाळेत पाहिजेत. जिथं आजीला दिसत नाही, तिथं त्याच गावातली एखादी बाई मोबदला देऊन रात्रीच्या सोबतीला ठेवायची. वह्या, दप्तर, नववी-दहावीची पुस्तकं. आणि आमच्यापैकी दोन माणसांनी महिन्यातून एकदा जाऊन हजेरीपट बघायचा, फोटो न काढता. हे किती लेकरांसाठी पुरेल? त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला नऊ नावांची यादी दिलीय. नऊच. आमच्या शिलकीत मार्च-एप्रिलपर्यंत ती सहज भागतात. किटमधला खजूर पाव किलोचा केला तर पुढच्या हंगामापर्यंत भागतील.

या नवांत ती मुलगी नाही. तिला परत आणायचं तर फडावर जावं लागेल, तिच्या बापाशी बोलावं लागेल, मुकादमाशीही कदाचित. त्याबद्दल बैठकीत कुणीच काही बोललं नाही, आणि मीही रेटलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात त्या दिवशी नव्हती.

निर्णय पुढच्या जुम्यावर गेलाय. पत्रक छापायला गेलं होतं ते मी थांबवलंय, त्यावरचा फोटो काढून टाका म्हणून प्रेसवाल्याला सांगितलंय. त्यावरून खजिनदार माझ्यावर नाराज आहेत.

काल रात्री त्या बुजुर्गांचा फोन आला. सलाम-दुआ झाली, मग थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्टर, वो बच्ची का गाँव कौनसा है?" मी गाव सांगितलं. "और नाम?"

नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आपोआप संपतो, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हणालो, "हाजीसाब, नाम उसकी दादी बोलेगी. आप साथ चलो."

रविवारी सकाळी आठला निघायचं ठरलंय. गाडी त्यांची आहे.